भविष्यवेधी डिझाइनमध्ये मास्टर्स करण्यापूर्वी

आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी घेऊन पुण्यातील एका कार्यालयात चार वर्षे काम केलेल्या, सत्तावीस वर्षांच्या एका आर्किटेक्टने विचारले आहे की, भविष्यवेधी डिझाइन या विषयात मास्टर्स करावे का, करायचे तर कोठे, तेथे नेमके काय शिकवतात, आणि कर्ज काढून शिकल्यावर या विषयावर पोट भरते का. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी घरच्यांचे म्हणणेही लिहिले आहे: “भविष्य सांगायला ज्योतिषी आहेत, त्यासाठी डिग्री कशाला?” मी गेली सोळा वर्षे याच क्षेत्रात काम करते आणि काही वर्षांपासून विद्यार्थ्यांच्या अंतिम प्रकल्पांना मार्गदर्शनही करते. त्या अनुभवातून जे सांगण्यासारखे आहे ते लिहिते. सुरुवात घरच्यांच्या प्रश्नापासूनच करते, कारण त्याचे नीट उत्तर ज्याला देता येते, त्याला हा विषय कळला असे मी समजते.

या विषयात भविष्य सांगत नाहीत. पुढे एकच एक भविष्य ठरलेले आहे आणि ते ओळखायचे आहे, ही कल्पनाच येथे नाही. पुढच्या काळाकडे पाहताना शक्य काय, पटण्याजोगे काय, संभाव्य काय आणि आपल्याला हवेसे काय, असे वेगवेगळे पट मानले जातात. वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हे पट एकात एक बसवून, आजपासून पुढे रुंद होत जाणारा एक शंकू काढला जातो. त्या शंकूतील एखादी जागा निवडायची, तेथे माणसे कशी राहतील, काय खातील, कोणाकडे अर्ज करतील, कशासाठी रांगेत उभी राहतील याचा पुराव्यानिशी विचार करायचा, आणि मग त्या काळातील एखादी साधी वस्तू आज हाताने तयार करायची. ती वस्तू विजेचे बिल असेल, औषधाची बाटली असेल, शाळेचा दाखला असेल. आजचा माणूस ती हातात घेऊन “हे मला चालेल” किंवा “हे माझ्या घरात येता कामा नये” असे म्हणू शकला पाहिजे. ज्योतिषाचे भाकीत खरे ठरले की ते यशस्वी मानतात. आमच्या कामात मात्र दाखवलेले वाईट भविष्य लोकांनी वेळीच ओळखून टाळले, तर ते काम उत्तम झाले असे आम्ही मानतो.

हवाई विद्यापीठातील जिम डेटर यांनी या विषयाच्या अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. भविष्याविषयीचे कोणतेही उपयोगी विधान प्रथम ऐकताना हास्यास्पद वाटले पाहिजे, असे त्यांचे एक प्रसिद्ध सूत्र आहे. मराठी माणसाला या सूत्राचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. २०१० साली एखाद्या विद्यार्थ्याने मिरज ते लातूर अशा पाण्याच्या रेल्वेगाडीचे वेळापत्रक छापून ज्युरीसमोर ठेवले असते, आणि शेजारी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू केल्याची जाहीर सूचना लावली असती, तर परीक्षकांनी त्याला अतिरंजित म्हटले असते. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावले गेले, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी मिरजेहून लातूरला पोहोचली. त्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक सहा वर्षे आधी योग्य टेबलावर पोहोचले असते, तर कदाचित उसाविषयी, बोअरवेलविषयी आणि मांजरा धरणातील साठ्याविषयी वेगळी चर्चा झाली असती. हे “कदाचित” वास्तवात उतरवण्याचे प्रशिक्षण म्हणजे ही पदवी.

आता हा विषय आला कोठून ते थोडक्यात, कारण अभ्यासक्रम निवडताना त्याचा थेट उपयोग होतो. येथे दोन वेगळे प्रवाह एकत्र आले आहेत. पहिला प्रवाह फोरसाइटचा, म्हणजे पुढच्या काळाच्या पद्धतशीर विचाराचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या रँड संस्थेत लष्करी नियोजनासाठी डेल्फी पद्धत (तज्ज्ञांची मते फेऱ्याफेऱ्यांनी गोळा करणे) आणि सिनारिओ (पुढे काय घडू शकेल याची वेगवेगळी शब्दचित्रे) विकसित झाले. पुढे शेल या तेल कंपनीत पिएर वॅक यांनी सिनारिओचा वापर व्यवस्थापकांची मने तयार करण्यासाठी केला, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या पद्धतीचा बोलबाला झाला. दुसरा प्रवाह कलाशाळेतून आला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन यांनी २००५ ते २०१५ या काळात डिझाइन इंटरॅक्शन्स हा विभाग चालवला. त्यांनी आणि फिओना रॅबी यांनी अशी मांडणी केली की डिझाइनने प्रत्येक वेळी अडचण सोडवावीच असे नाही, ते प्रश्न उभा करण्यासाठीही वापरता येते. पहिल्या प्रवाहाकडे पद्धतशीर अभ्यास होता, पण त्याचे फलित बहुतेकदा जाड अहवाल असे. दुसऱ्याकडे हाताचे कसब आणि धाडस होते, पण पुरावा कधीकधी पातळ असे.

हे दोन प्रवाह जेथे उत्तम मिसळले असे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ऑगस्ट २००६ मध्ये हवाई राज्याच्या २०५० सालच्या नियोजनाचा प्रारंभ होता. डेटर यांच्या हाताखाली शिकलेले स्टुअर्ट कँडी आणि जेक डनागन यांनी जमलेल्या पाचशेहून अधिक नागरिकांना अहवाल वाचायला दिला नाही. त्यांनी चार खोल्या तयार केल्या. डेटर यांच्या चार मूळ प्रतिमा आहेत: वाढ चालूच राहणे, व्यवस्था कोसळणे, समाजाने कठोर शिस्त स्वीकारणे आणि संपूर्ण कायापालट होणे. या प्रत्येक प्रतिमेला एक खोली दिली होती. नागरिक आत गेले ते थेट २०५० मध्येच गेले. बाहेर आल्यावर त्यांची चर्चा झाली ती वाचलेल्या नव्हे, अनुभवलेल्या गोष्टीवर. अनुभवातून भविष्य उभे करण्याच्या या पद्धतीला पुढे स्वतंत्र नाव आणि स्थान मिळाले.

म्हणून अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक वाचताना सर्वप्रथम पाहावे की तो कोणत्या प्रवाहात वाढला आहे. टोरांटोच्या ओकॅड विद्यापीठातील स्ट्रॅटेजिक फोरसाइट अँड इनोव्हेशन हा मास्टर ऑफ डिझाइन अभ्यासक्रम फोरसाइटच्या बाजूने झुकलेला आहे. तेथे संकेत गोळा करणे, व्यवस्थांचे नकाशे काढणे, संस्थांना धोरण ठरवण्यास मदत करणे यांवर भर असतो. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठ आणि फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठ येथील पदव्या तर सरळ भविष्याभ्यासाच्या आहेत. तेथे तुम्ही चांगले संशोधक व्हाल, पण हाताने वस्तू घडवण्याचे काम तेथे फारसे नसते. रॉयल कॉलेजमध्ये डिझाइन फ्युचर्स या नावाची मास्टर्स पदवी निघाली, आणि तिचा ओढा साहजिकच वस्तू आणि प्रदर्शनाकडे आहे. न्यूयॉर्कच्या पार्सन्समध्येही या विचारांची माणसे आहेत. डन आणि रॅबी २०१६ मध्ये तेथेच गेले.

बार्सिलोनाविषयी मात्र थोडे अधिक लिहिते, कारण आर्किटेक्टने तेथील अभ्यासक्रमाचा गांभीर्याने विचार करावा असे माझे मत आहे. आयएएसी ही आर्किटेक्चरची संस्था आणि एलिसावा हे डिझाइन महाविद्यालय मिळून २०१८ पासून डिझाइन फॉर इमर्जंट फ्युचर्स ही मास्टर्स पदवी चालवतात. तिचे बिऱ्हाड पोब्लेनोऊ या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, २००७ साली सुरू झालेल्या फॅब लॅब बार्सिलोना या डिजिटल यंत्रांनी वस्तू बनवण्याच्या कार्यशाळेच्या सोबतीने आहे. (आपल्या गिरणगावात असे काही उभे राहिले असते तर, हा विचार तेथून फिरताना प्रत्येक मुंबईकराच्या मनात येतोच.) या अभ्यासक्रमात स्वतःच्या कल्पनेसोबत जगण्याचा एक पाठ आहे. तुम्ही जी वस्तू सुचवता तिचा कच्चा नमुना करून काही दिवस स्वतः वापरायचा आणि रोज नोंदी ठेवायच्या. ऐकायला हे साधे वाटते. परंतु मोठमोठ्या कल्पना येथेच गळून पडतात, कारण सकाळी घाईच्या वेळी जी वस्तू नकोशी होते ती २०५० मध्येही नकोशीच होणार आहे. आर्किटेक्टला जागा वरून, नकाशात पाहण्याची सवय असते. ती सवय मोडून वस्तू हाताच्या पातळीवर आणणारे शिक्षण त्याला सर्वांत अधिक लागते.

काय शिकवतात, याचे उत्तर विषयांची यादी देऊन नीट मिळत नाही. म्हणून आमचा एक प्रकल्प कसा घडला ते सांगते. पदवीतील अंतिम प्रकल्पाची वाटचालही साधारण अशीच असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार जणांनी मराठवाड्यातील पाण्याचे भविष्य हा विषय घेतला. पहिले दोन महिने केवळ संकेत गोळा करण्यात गेले: टँकरच्या खेपांच्या नोंदी, जारच्या पाण्याचे वाढते व्यवसाय, एटीएमसारखी पाण्याची यंत्रे, घरातील पिंपांची वाढत गेलेली संख्या, पाण्याच्या मीटरवरून झालेले वाद, वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरील लहान बातम्या. संकेत म्हणजे आज कोठेतरी एका कोपऱ्यात घडलेली, पण उद्या पसरू शकेल अशी गोष्ट. ट्रेंड त्याहून वेगळा; तो आधीच पसरलेला असतो. विद्यार्थी हा भेद पुष्कळदा चुकवतात आणि मग सगळ्यांना ठाऊक असलेलेच भविष्य पुन्हा सांगतात. या संकेतांवरून आम्ही चार सिनारिओ लिहिले, आणि त्यांतील शिस्तीचा सिनारिओ पुढे नेला: २०४५ साली ग्रामपंचायत प्रत्येक कुटुंबाला पाण्याचे पासबुक देते.

मग ते पासबुक बनवायला घेतले, आणि खरे शिक्षण येथून सुरू झाले. कागद कोणता? शिधापत्रिकेसारखा जाड, की बँकेच्या पासबुकासारखा गुळगुळीत? टँकरजवळ ओल्या हातांनी ते धरले जाणार, तर शाई फुटणार नाही का? नाव कुटुंबप्रमुखाचे, की पाणी भरणाऱ्या बाईचे? शिक्का कोणाचा? रकाने आम्ही चार ठेवले: तारीख, लिटर, शिल्लक आणि सही. प्रत्येक निर्णय म्हणजे त्या काळातील सत्ता कोणाच्या हातात आहे याविषयीचे एक विधान होते, आणि अहवाल लिहिताना यांतील एकही प्रश्न आम्हाला पडला नव्हता. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याविषयी असेच प्रश्न मांडले होते: पाणी किती मावावे, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा राहतो, दुसऱ्या भांड्याला लागला तर आवाज कसा येतो, मोडीत काढला तर किंमत काय येते. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. भविष्यातील वस्तूविषयीही तुम्हाला हेच प्रश्न विचारता आले पाहिजेत, फरक एवढाच की ती वस्तू पाहायला अजून बाजारात नाही.

ते पासबुक घेऊन आम्ही मे महिन्यात जालना जिल्ह्यातील एका गावी गेलो. टँकर यायला अवकाश होता. एका ओट्यावर सत्तरीच्या एका आजींनी ते हातात घेतले, नातीकडून रकाने वाचून घेतले, आणि विचारले, “पाव्हण्याचं पाणी कुठं लिवायचं ह्याच्यात?” आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. माणशी लिटर मोजताना घरी येणारा माणूस आम्ही हिशेबातच धरला नव्हता. आजींचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: लेक बाळंतपणाला आली तर तिचे पाणी सासरच्या पासबुकातून तोडायचे की माहेरच्या? थोड्या वेळाने टँकरचालकाने तेच पासबुक पाहिले आणि शिल्लक या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “शिल्लक लिवून दिली की ती इकत घेणारा येतोच.” ज्या बाजाराची कल्पना आमच्या चार सिनारिओंत कोठेही नव्हती, तो त्याला एका शब्दात दिसला. या दोन वाक्यांनी आमचा प्रकल्प बदलला. पुढच्या आवृत्तीत पाहुण्यांचे पान आले, बाळंतपणाची तात्पुरती नोंद आली, आणि शिल्लक ठेवायची की रोजच्या रोज शून्य करायची यावर गावात दोन तास चर्चा झाली.

मात्र त्याच गावात आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वस्तीवरील एक गृहस्थ आधार कार्डाच्या आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स प्रती घेऊन आले आणि पासबुकाचा अर्ज कोठे भरायचा असे विचारू लागले. आम्ही तोंडी सर्वांना सांगितले होते की ही वस्तू काल्पनिक आहे. पण शिक्का असलेला कागद तोंडी बोलण्यापेक्षा वेगाने पसरतो. तहानलेल्या गावात पाण्याची खोटी आशा पसरवणे हा लहान अपराध नव्हे. त्या दिवशी आम्ही घरोघरी जाऊन खुलासा केला, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक वस्तूवर ती काल्पनिक असल्याचे ठळक मराठीत छापलेले असते, शासनाची बोधचिन्हे आम्ही वापरत नाही, आणि काम संपल्यावर प्रत्येक प्रत मोजून परत घेतो. तुम्ही जो अभ्यासक्रम पाहत आहात त्यात संशोधनाच्या नीतीचा पाठ आहे का, प्रत्यक्ष लोकांत जाण्याआधी परवानगीची प्रक्रिया आहे का, हे प्रवेशाआधी पत्र लिहून विचारावे. उत्तर टाळले गेले तर तो अभ्यासक्रम सोडून द्यावा.

याच मुद्द्याशी या क्षेत्रावरील सर्वांत गंभीर टीका जोडलेली आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये डिझाइन आणि हिंसा या विषयावर एक उपक्रम सुरू केला. त्यात मायकेल बर्टन आणि मिचिको निट्टा यांचे एक काम होते, ज्यात अन्नटंचाईच्या काळातील शासन नागरिकांना मोजून अन्न देते असे दाखवले होते. त्यावर आक्षेप असा आला की जे येथे भयावह भविष्य म्हणून मांडले आहे, ते जगातील असंख्य लोकांचे आजचे आयुष्य आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला मोजून मिळणारे अन्न दाखवून धक्का बसत नाही. म्हणून परदेशी स्टुडिओत बसून आपण तेथील माणसांची भीती उसनी घेऊ नये. तेथील पद्धत अवश्य घ्यावी. प्रश्न मात्र आपल्या पाण्यातून, आपल्या लोकलगाडीतून, आपल्या कोकणच्या किनाऱ्यातून यावा. मी पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हातात जाण्याआधीच असा एखादा प्रश्न होता त्यांना पदवीने खूप दिले, आणि जे प्रश्न तेथेच सापडेल या आशेने गेले त्यांच्या वर्षातील निम्मा काळ शोधण्यातच गेला. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात ही चैन परवडत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. अनब जैन या एनआयडीत शिकल्या, पुढे रॉयल कॉलेजमध्ये शिकल्या, आणि २००९ मध्ये त्यांनी जॉन आर्डर्न यांच्यासह लंडनमध्ये सुपरफ्लक्स हा स्टुडिओ सुरू केला. त्यांनी २०१७ मध्ये बार्सिलोनातील एका प्रदर्शनासाठी २०५० सालचे लंडनमधील एक घर उभे केले. हवामान बिघडून अन्नपुरवठा विस्कळीत झाला आहे, आणि घरातील माणसांनी दिवाणखान्यातच अन्न पिकवायची यंत्रे जोडली आहेत, असे ते घर. ती यंत्रे देखावा नव्हती. स्टुडिओने ती महिनोन्‌महिने खटपट करून प्रत्यक्षात चालवली होती, त्यांत रोपे वाढत होती. या कामाचे सामर्थ्य तेथे आहे. त्यांनी श्रीमंत शहराला त्याच्याच घरात नेऊन बसवले, आणि घाबरवून तेथेच न सोडता जगण्याची एक वाटही दाखवली.

भारतात राहून शिकायचे असेल तर पदवीच्या नावाचा आग्रह सोडावा लागेल. पवईतील आयडीसी ही आयआयटी मुंबईची डिझाइन शाळा १९६९ मध्ये सुधाकर नाडकर्णी यांनी उभी केली. ते जर्मनीतील उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आले होते, आणि डिझाइनने समाजाच्या गरजेला उत्तर द्यावे हा तेथला संस्कार पवईत रुजला. आयडीसीत आणि एनआयडीत इंटरॅक्शन, इंडस्ट्रियल, कम्युनिकेशन, न्यू मीडिया अशा शाखा आहेत. भविष्यवेधी काम तुम्हाला त्या शाखेतील प्रकल्प म्हणून करावे लागते, आणि तसे करू देणारा मार्गदर्शक असेल तर त्यात काहीही कमी पडत नाही. खर्चाचा आणि जेथे काम करायचे त्या जागेच्या जवळिकीचा विचार केला तर हा मार्ग मी अनेकांना प्रथम सुचवते. आयडीसीसाठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. ती आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत असते, आणि तिच्या दुसऱ्या भागात कागदावर हाताने रेखाटन करावे लागते. चार वर्षे संगणकावर नकाशे काढलेल्या आर्किटेक्टचा हात या भागात अडखळतो, तेव्हा रोज अर्धा तास माणसे, हात आणि वस्तू यांची रेखाटने आजपासून सुरू करावीत. एनआयडीची परीक्षा वेगळी असते आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्टुडिओ चाचणी व मुलाखत असते.

पोर्टफोलिओविषयी, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या स्वतःच्या कामांच्या संग्रहाविषयी, माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या कार्यालयातील इमारतींची चकचकीत चित्रे त्यात दोनपेक्षा अधिक नकोत. निवड समितीला इमारत सुंदर आहे का हे पाहायचे नसते. तुम्ही एखाद्या अनिश्चित गोष्टीचा विचार कसा करता हे पाहायचे असते. तीन किंवा चार प्रकल्प पुरेत, आणि त्यांतील किमान एक असा असावा जो कोणी मागितला नव्हता, तुम्ही स्वतःहून केला. समजा, तुम्ही पुण्यातील सोसायट्यांना येणाऱ्या टँकरवर काम करायचे ठरवले. एका सोसायटीच्या दोन वर्षांच्या टँकरच्या पावत्या मिळवा, वॉचमनशी बोला, सचिवांशी बोला, आणि २०४० साली त्याच सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आणि इतिवृत्त लिहून नीट छापा. ते सध्याच्या सभासदांना वाचायला द्या, आणि त्यांनी काय म्हटले ते जसेच्या तसे नोंदवा. फसलेल्या आवृत्त्याही दाखवा. एवढा एक प्रकल्प प्रामाणिकपणे केलेला असेल तर तो संगणकावरील वीस चकचकीत चित्रांपेक्षा अधिक बोलतो. एसओपीमध्ये, म्हणजे प्रवेशासाठी लिहायच्या निवेदनात, “लहानपणापासून मला भविष्याची ओढ होती” असे वाक्य लिहू नये. तुमचा प्रश्न काय, तो तुम्हाला कोठे भेटला, आणि तो सोडवायला त्या विशिष्ट स्टुडिओतील कोणते साधन हवे आहे, एवढे दोन पानांत मावते.

आता पैशाचे आणि नोकरीचे. भारतात भविष्यवेधी डिझाइनर पाहिजे अशी जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल, आणि हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. काम आहे, पण ते दुसऱ्या नावांनी चालते: डिझाइन रिसर्च, स्ट्रॅटेजी, सेवांची आखणी, संग्रहालये आणि विज्ञानप्रदर्शने, मोटार आणि गृहोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांतील पुढच्या पिढीच्या उत्पादनांचे विभाग. परदेशात शासकीय पातळीवरही मागणी आहे. सिंगापूर सरकारचे सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक फ्युचर्स २००९ पासून काम करते, फिनलंडच्या संसदेत भविष्यासाठी स्वतंत्र समिती आहे, आणि वेल्सने २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला आहे. आर्किटेक्टला एक लाभ असा की मूळ व्यवसाय सुटत नाही. शहर नियोजन, किनारपट्टीवरील बांधकाम, उष्णतेशी जुळवून घेणारी घरे या कामांत तीस-चाळीस वर्षांपुढचा विचार करणाऱ्या माणसाची गरज वाढतच जाणार आहे. माझ्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा भाग आजही साध्या डिझाइन रिसर्चमधून येतो आणि भविष्यवेधी प्रकल्प त्याच्या आधाराने चालतात. ही रचना मला योग्य वाटते, कारण रोजच्या कामातूनच पुढच्या कामाचे संकेत मिळतात.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. परदेशी शिक्षणाच्या काही शासकीय योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असण्याची अट असते. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या कला आणि डिझाइनच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले आहे, परंतु एकाच विषयाच्या अशा संस्था सर्वसाधारण विद्यापीठांच्या क्रमवारीत नसतात. प्रवेश मिळाल्यावर ही अट लक्षात आली तर फार उशीर झालेला असतो, म्हणून योजनेचा शासन निर्णय स्वतः वाचून, आवश्यक तर संबंधित कार्यालयात लेखी विचारून मगच महाविद्यालय ठरवावे. १८९२ पासून चालत आलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटची मदत कर्जाच्या स्वरूपात असते. ती परत करायची असते हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा. संपूर्ण खर्च कर्जावर असेल आणि परदेशात नोकरी मिळेलच या भरवशावर ते फेडायचे असेल, तर माझा सल्ला नकाराचा आहे. निम्म्याहून अधिक रक्कम शिष्यवृत्तीतून किंवा बचतीतून उभी राहत असेल तर जावे, नाही तर सीडची तयारी करावी.

तुमच्या परिस्थितीत मी असते तर या वर्षी कोठेही अर्ज केला नसता. नोकरी चालू ठेवून आठवड्यातील एक दिवस मोकळा करून घेतला असता, आणि सहा महिन्यांत एकच प्रश्न, एकच वस्तू आणि किमान तीस माणसांची मते एवढे पूर्ण केले असते. परदेशी अभ्यासक्रमांच्या मुदती बहुधा हिवाळ्यात पडतात आणि सीडचे अर्ज त्याच सुमारास भरावे लागतात, म्हणजे आता सुरुवात केली तर पुढच्या फेरीसाठी हे काम हाताशी राहते. मुलाखतीला मी समोर बसते तेव्हा उमेदवाराची वस्तू पाहून झाल्यावर एकच विचारते: ही ज्यांच्यासाठी आहे त्यांनी हातात घेतली तेव्हा सर्वांत आधी काय म्हटले? ज्याने ती खरोखर नेऊन दाखवलेली असते तो त्या माणसाचे वाक्य त्याच्याच बोलीत सांगतो.